खेळाच्या तासाला गणित नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सकाळच्या शाळेत साडेदहाच्या सुमारास वर्गाचा नूर बदलतो. खोडरबरावरून रडारड, ढकलाढकली, नाहीतर बाकावर डोके टेकून गप्प पडणे. मग वहीत शेरा येतो, ‘लक्ष नाही’. तो मारण्याआधी मुलाने सकाळी काय खाल्ले एवढे विचारावे. फार वेळा उत्तर मिळते, चहा-बिस्किट. रात्रभराच्या उपासानंतर पोटात जातात मैदा आणि साखर. ते लवकर पचते आणि मधली सुट्टी होण्याआधीच मूल भुकेने किरकिरू लागते.

चहाचा आणखी एक तोटा आहे. त्यातील टॅनिन जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. लोह कमी पडले की मूल दमते, चिडते, वाचलेले डोक्यात शिरत नाही. म्हणून तर शाळेतून आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते. लहानांची गुलाबी, 45 मिलिग्रॅमची. दहा वर्षांपुढच्यांची निळी, 60 मिलिग्रॅमची. उपाशीपोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, आणि घरचे घाबरून ती बंद करतात. तो काळा रंग लोहाचाच असतो, घाबरू नये. गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको.

सकाळी घाई असते, मान्य. पण मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार असतात. वाटीभर मोड वाफवून वर लिंबू पिळायला दहा मिनिटे पुरतात. लिंबामुळे लोहही चांगले शोषले जाते. तेही जमले नाही तर रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा उकडलेले अंडे.

आता खेळ. 5 ते 17 वयोगटाला रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात 35 मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे रांगेत आणि हजेरीत जातात. उरलेल्या वेळात पन्नास मुलांत एक चेंडू असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिटच येतो. खो-खोसुद्धा या कामी अपुरा, कारण पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण बसलेले असतात. त्याऐवजी दहा-दहांचे गट करून साखळी, विषामृत, डोंगर का पाणी खेळवावे. साधन लागत नाही. धाप लागावी, पण बोलता यावे, इतपत जोर पुरे.

सर्वांत चुकीचे म्हणजे दंगा केला म्हणून खेळाचा तास बंद करणे. ज्या मुलाला धावून मोकळे होण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच आपण बाकावर डांबतो. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षाही तितकीच वाईट, त्याने धावण्याचीच नावड बसते.

अर्थात सगळेच डब्याने आणि मैदानाने सुटत नाही. मूल दोन आठवड्यांहून अधिक उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, मित्रांत मिसळत नसेल, तर समुपदेशकाकडे न्यावे. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर मात्र दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. पुढच्या पालकसभेत पालकांनी गुणांबरोबर हेही विचारावे: गेल्या महिन्यात खेळाचे किती तास खरोखर मैदानावर झाले?

आपले,
एक आहारतज्ज्ञ व एक क्रीडाशिक्षक, सातारा