काळ्या स्क्रीनवरचं माझं टपाल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, 'तुमचं खातं २४ तासांत बंद होईल' हा तुम्ही पाठवलेला मेल खोटा आहे. त्यातल्या कशावरही क्लिक करू नका, उत्तर देऊ नका, पुसून टाका. 'तुला इतक्या पटकन कसं कळलं?' असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहून पाठवते.

तुम्हाला मेल दिसतो तसा मला दिसत नाही. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आई ज्याला 'तुझी काळी पाटी' म्हणते तिच्यात, 'मट' नावाचा प्रोग्राम चालवते. चित्रं नाहीत, रंगीत बटणं नाहीत, ओळीखाली ओळ नुसती अक्षरं. तुमच्या स्क्रीनवर त्या मेलमध्ये बँकेचा लोगो होता आणि खाली मोठं निळं बटण. माझ्याकडे लोगो आलाच नाही. बटणाच्या जागी 'इथे खात्री करा' एवढेच शब्द, त्यांच्या आधी चौकटी कंसात १ हा आकडा, आणि मेलच्या अगदी तळाशी त्याच १ पुढे तो दुवा खरा कुठे नेतो तो पत्ता. पत्त्याची सुरुवात बँकेच्या नावाने, मग टिंब, मग भलतंच लांबलचक काहीतरी. इथेच माणूस फसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या, की पुढे जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच अलीकडचं नाव खऱ्या मालकाचं. डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतं, अगदी बँकेचं नावसुद्धा.

दुसरी गोष्ट, जाहिरातींचे मेल. त्यात पुष्कळदा एक बाय एक पिक्सेलचं चित्र दडवलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण तुम्ही मेल उघडलात की ते त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि मेल कधी उघडला याची तिथे नोंद होते. मट बाहेरून काही मागवतच नाही, त्यामुळे मी मेल वाचला की नाही हे त्यांना कळत नाही. मला यात फार समाधान आहे, का ते विचारू नका.

आई, तुला हे माझं नवं खूळ वाटतं, पण ते चांगलंच जुनं आहे. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेटवर्कमधून निरोप पाठवायची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. पत्त्यात मधोमध येणारं ते गोल शेपटीचं चिन्हही त्यांनीच निवडलं. तेव्हा मेल म्हणजे फक्त मजकूर. चित्रं आणि इतर फायली जोडायची सर्वमान्य पद्धत १९९२ मध्ये ठरली. मट १९९५ च्या सुमाराचा, मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला. त्याच्या ब्रीदवाक्याचा मथितार्थ असा, की मेलचे सगळेच प्रोग्राम टाकाऊ, हा जरा कमी टाकाऊ. स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलणारं दुसरं कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि माउस लागत नाही! 'जे' दाबलं की खालचा मेल, 'के' दाबलं की वरचा, 'आर' म्हणजे उत्तर, 'डी' म्हणजे रद्द. 'एल' दाबून एखादं नाव टाइप केलं, की पाठवणाऱ्यात किंवा विषयात ते नाव असलेले तेवढेच मेल समोर उरतात. बाकीचे कुठे जात नाहीत, नुसते बाजूला होतात. मेल मी माझ्याच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवते, एका मेलची एक फाइल. इंटरनेट बंद पडलं तरी तुमची जुनी पत्रं काढून वाचता येतात.

खोट आहे ती आपल्या मराठीची. बऱ्याच टर्मिनलांना देवनागरी धड दाखवता येत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. आई, तुझं लांब पत्र आलं की मी 'व्ही' दाबून ते बाहेर, ब्राउझरमध्ये उघडते. तू पाठवलेले फोटोही तसेच. तेव्हा 'तू माझे फोटो बघतच नसशील' ही तक्रार आता मागे घे.

तुम्ही दोघांनी यातलं काही शिकायला हवं असं मुळीच नाही. तुमच्या नेहमीच्या मेलच्या सेटिंग्जमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' असा पर्याय असतो, तो निवडा. कॉम्प्युटरवर दुव्यावर क्लिक न करता नुसता बाण नेऊन ठेवलात, की बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर तेवढ्यासाठी दुवा दाबून धरावा लागतो. त्यात चुकून टिचकी पडायची भीती, म्हणून शंका आली तर फोनवर नकोच, कॉम्प्युटरवर बघा.

बाबा, तुम्हाला मात्र हौस येईल अशी मला दाट शंका आहे. टायपिंगला तुमचा हात अजून चांगला चालतो, माउसवर तेवढा चिडतो. तसं असेल तर मट नको, त्याच्या सेटिंगची फाइल हाताने लिहायला लागते. 'अल्पाइन' घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'पाइन'चा तो पुढचा अवतार. कुठलं बटण कशासाठी हे स्क्रीनच्या तळाशी सतत लिहिलेलं असतं, पाठ काही करावं लागत नाही. खात्याचा नेहमीचा पासवर्ड तिथे बहुधा चालणार नाही. काही मेलसेवा अशा प्रोग्रामसाठी वेगळा 'ॲप पासवर्ड' देतात, काहींची रीत आणखी निराळी असते. तेवढं मी आले की करून देईन, तुम्ही एकटे त्या भानगडीत पडू नका.

आणि यापुढे संशयास्पद मेल मला पाठवाल तेव्हा मजकूर कॉपी करून किंवा स्क्रीनचा फोटो काढून नको. कॉम्प्युटरवरून 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करा. म्हणजे तो कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरत आला त्या ओळीही माझ्यापर्यंत पोचतील. नुसत्या फोटोत मला लोगोच दिसणार.

तुमची,
धाकटी