बाबा, ते 'बायकांचं इंजेक्शन' नाहीये

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला बाबांना लाज वाटते आणि खरं सांगायचं तर मलाही, म्हणून लिहितेय. काल आई म्हणाली की बाबा आता प्रोस्टेटच्या कॅन्सरचं पुढचं इंजेक्शन नको म्हणतायत, पीएसए (रक्तातून आजाराचा अंदाज देणारा आकडा) ३८ वरून ०.६ वर आलाय ना मग कशाला, आणि वर कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की हे ल्युप्रोलाईडचं इंजेक्शन बायकांना देतात. हो देतात! एंडोमेट्रिओसिसला (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) देतात, फायब्रॉईडला (गर्भाशयातल्या गाठींना) देतात, फार लवकर वयात येणाऱ्या मुलामुलींनाही देतात. कारण ते इंजेक्शन ना बाईचं ना पुरुषाचं, ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करतं आणि ती सगळ्यांना असते.

बाबा, तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. मेंदू म्हणजे कंडक्टर, पिट्युटरी म्हणजे ड्रायव्हर. कंडक्टर साधारण दर दीड-दोन तासांनी डबल बेल देतो, ड्रायव्हर गाडी काढतो, म्हणजे खाली अंडकोषांना निरोप जातो आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तयार होतं. आता एखाद्या पोराने ती दोरी धरून बेल सलग वाजवतच ठेवली तर? आधी तुम्ही दचकून गाडी पळवाल, मग कंटाळून बेलकडे लक्षच द्यायचं सोडून द्याल. हे औषध म्हणजे ते पोरगं. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग तीन-चार आठवड्यांत जवळजवळ तळाला जातं. प्रोस्टेटच्या कॅन्सरला तेच खाद्य लागतं, ही गोष्ट शिकागोत चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवली, पुढे १९६६ ला नोबेल मिळालं त्यांना.

आणि सुरुवातीला ती बायकॅल्युटामाईडची गोळी कशाला, दोन दोन औषधं म्हणजे डॉक्टरांचा धंदा असं तुम्ही म्हणालात ना, ती त्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी होती. ती टेस्टोस्टेरॉन कमी नाही करत, ती फक्त पेशीतल्या सीटवर रुमाल टाकून ठेवते, मग टेस्टोस्टेरॉन आलं तरी बसायला जागाच नाही.

तर पीएसए ०.६ म्हणजे आजार पळाला असं नाही हो, दोरी ओढलेली आहे म्हणून गाडी उभी आहे. इंजेक्शनचा असर तीन महिन्यांचा, नंतर ड्रायव्हर हळूहळू परत बेल ऐकायला लागतो. बंद करायचं, मध्ये गॅप द्यायचा की चालू ठेवायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवू, कट्ट्यावर नाही. दर तीन महिन्यांचा खर्च डोक्यात असेल तर तेही उघड बोला, अंडकोष काढायच्या ऑपरेशनचा पर्याय आहे, एकदाच होतं आणि परिणाम तोच, पण ते कायमचं, नंतर मागे फिरता येत नाही.

त्रास होतोय हे मला माहितीये. अचानक अंगातून वाफा, घाम, चिडचिड, थकवा, आणि ज्याबद्दल तुम्ही कुणाशीच बोलणार नाही ते पण. हे औषधामुळे आहे, तुम्ही कमी पडलात म्हणून नाही. हाडं मात्र खरंच ठिसूळ होतात यात, त्यासाठीच कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, आणि ॲसिडिटी होते म्हणून तुम्ही त्या ड्रॉवरमध्ये सारताय ते मला कळलंय (आईने नाही सांगितलं, मी स्वतः बघितल्या). गोळी सोसत नसेल तर डॉक्टर बदलून देतील. चालणं सोडू नका, साखर पण तपासून घेऊ, ती वाढू शकते यात.

आई, तुझं पाळी जायचं वय होतं तेव्हा तू रात्री फ्रीजचं दार उघडून उभी राहायचीस आणि बाबा हसायचे, आठवतं? आता त्यांना तेच होतंय, हुबेहूब तेच, फक्त त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. तू सांग. मावशी पण कॅन्सरनंतर लेट्रोझोल घेते ना, ते वेगळ्या वाटेने इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार होणं थांबवतं, पण तिलाही वाफा येतात, तिच्याशी बाबांचं एकदा बोलणं करून दे.

मी इंजेक्शनच्या आदल्या रात्री येते, सकाळी तिघं जाऊ. तोपर्यंत बाबांच्या उशाशी एक सुती पंचा ठेव आणि रात्रीचा चहा बंद कर, त्यांनी आरडाओरडा केला तरी.

तुमची,
छकुली