घाटमाथ्यावरील सूचनाफलकांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

नाशिकचा कांदा कसारा घाटाने मुंबईत येतो, कोल्हापूरची साखर आणि गूळ बोरघाटाने येतो, जुन्नरकडची भाजी माळशेज उतरते. देशावरून मुंबईला निघालेल्या मालट्रकला सह्याद्री उतरावाच लागतो, आणि तोही भरल्या वजनानिशी. लोणावळा आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत आणि त्यातली बरीचशी उंची मोजक्या किलोमीटरांत उतरायची असते.

पुढे तीव्र उतार आहे, एवढे लाल किनारीचा त्रिकोणी फलक सांगतो. हा उतार किती लांब आहे, हे मात्र घाटाला नवख्या असलेल्या चालकाला त्यातून कळत नाही. ५ टक्के उतार म्हणजे १०० मीटर अंतराला ५ मीटर खाली. असा उतार ५ किलोमीटर चालला, तर गाडी २५० मीटर खाली येते आणि तेवढा वेळ तिचा वेग इंजिनाने आवरायचा की ब्रेकने, हे चालकाने माथ्यावरच ठरवायचे असते. डिझेल वाचेल या समजुतीने गाडी न्यूट्रलवर सोडली, की वेग रोखून धरणारी इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासून वेग कमी करणाऱ्या लायनरची पकड जाते आणि ब्रेक वारंवार दाबल्याने तो चालवणारी टाकीतली हवाही उतरते. वास्तविक, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर नव्या इंजिनांना डिझेल जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचत मुळात होतच नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. परंतु तमिळनाडूहून किंवा पंजाबातून प्रथमच आलेल्या माणसाला तो सांगणार कोण?

वडाळा परिसरातील चालक, क्लीनर आणि छोट्या वाहतूकदारांच्या आमच्या मंडळाने हे काम हाती घेतले आहे. महामार्गावर फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार शासनाचा आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेचा आहे, व तो तसाच असावा असे आमचेही मत आहे. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वी जिथे गाड्या चहा-जेवणाला थांबतात, त्या ढाब्यांच्या आवारात मालकांच्या संमतीने आम्ही फलक लावणार आहोत. त्यांवर उताराची लांबी, अवघड वळणे आणि गाडी थांबवण्याच्या सुरक्षित जागा चित्रांनी व आकड्यांनी दाखवलेल्या असतील, आणि सोबतचा मोजका मजकूर मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड, तेलुगू व पंजाबीत असेल. हीच माहिती देणारी, केबिनमध्ये चिकटवता येईल अशी पत्रके आम्ही वडाळा ट्रक टर्मिनलवर आणि वाशीच्या बाजारात वाटू. याखेरीज, घाटातले जे सरकारी फलक फांद्यांनी झाकले आहेत किंवा रंग उडाल्याने रात्री दिसत नाहीत, त्यांची छायाचित्रांसह यादी करून ती संबंधित यंत्रणेकडे लेखी देऊ.

या कामासाठी पत्रा, लोखंडी चौकटी, परावर्तक कागद, छपाई आणि प्रवास यांचा खर्च आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी रोख रक्कम द्यावी. फॅब्रिकेशन वा छपाईचा व्यवसाय असणाऱ्यांनी साहित्य किंवा मजुरी दिली, तर तीही तितकीच मोलाची आहे. वरील भाषा लिहिता-वाचता येणाऱ्यांनी मजकूर तपासून द्यावा. घाटात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या ज्येष्ठ चालकांची गरज तर आम्हांला सर्वांत आधी आहे, कारण कोणत्या वळणाआधी गिअर बदललेला असलाच पाहिजे, हे त्यांनाच ठाऊक आहे.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च दरमहा मंडळाच्या कार्यालयाबाहेर लावला जाईल. पावसाळ्यात धुक्याने घाट भरण्यापूर्वी पहिले फलक उभे राहावेत, अशी आमची धडपड आहे. तरी आपली मदत लवकर पोहोचवावी, ही नम्र विनंती.

आपले,
मंडळाचे कार्यकारिणी सदस्य, वडाळा, मुंबई