आधी डेल्कोची टोपी उघडणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

हे आभार दुकानात येऊन, चहाच्या ग्लासाबरोबर मानता आले असते. पण तुम्ही आपली विद्या कधी झाकून ठेवली नाहीत, तर आभार तरी का झाकून मानायचे? गिऱ्हाइकाला चहाला पिटाळायचं आणि तेवढ्यात हात मारून घ्यायचा, ही या धंद्यातली जुनी रीत. तुम्ही मात्र डेल्कोची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डब्याची, टोपी उघडली की "या, बघा" म्हणून हाक मारता. त्यामुळे एमजीबी, एमजीए, स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश गाड्या बाळगणारे आम्ही आज रस्त्यात गाडी बंद पडली तर टोचनवाल्याला फोन करण्याआधी वीस मिनिटं स्वतः हातपाय मारतो, आणि बहुतेक वेळा गाडी चालवत घरी आणतो.

सगळ्यात आधी तुमच्या क्रमाबद्दल आभार. आधी करंट, मग पेट्रोल, आणि कार्बोरेटरला (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाला) हात सगळ्यात शेवटी. मालकाची खोड नेमकी उलटी. गाडी मिसिंग करायला, अडखळायला लागली की तो एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या नटाला पाना लावतो, आणि मग मूळ दोष एक असतो तिथे दोन होतात. कार्बोरेटरमध्ये हलणारा भाग म्हणजे मुख्यतः पिस्टन आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग). तो काल नीट होता आणि आज एकाएकी बिघडला, असं क्वचित होतं. डेल्कोतला पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी कळ, मात्र चारशे किलोमीटरमध्येही मिटू शकतो.

पॉइंटचं गणित तुम्ही डोक्यात पक्कं बसवलंत. एमजीबीच्या लुकास कंपनीच्या डेल्कोत फट १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि ती मोजायची पॉइंटची टाच कॅमच्या, म्हणजे तिला ढकलणाऱ्या फिरत्या भागाच्या, उंचवट्यावर असताना. फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) नसेल तर घरी पोहोचण्यापुरतं जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं. फट का मिटते हेही तुम्हीच दाखवलंत. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासते. तिथे ग्रीस नसेल तर ती झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे जातं, गाडी चढावर दम टाकते आणि गरम होते. मग मालक रेडिएटर साफ करून घेतो! डाळीच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. जास्त लावलं तर तेच पॉइंटवर उडतं आणि ठिणगी मरते.

कंडेन्सरचा धडा त्याहून मोलाचा. गाडी अर्धा तास उत्तम चालते, गरम झाली की एकदम बंद. वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू. असं झालं की कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी) आणि कंडेन्सर या दोघांवर संशय. टोपी काढून, इग्निशन चालू ठेवून पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने उघडझाप करायचा. पॉइंटवरच जाड निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला, कारण त्याचं कामच ती ठिणगी गिळायचं. हल्ली पाकिटातून मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यांपेक्षा लवकर दगा देतात, म्हणून तुम्ही एक साधा पर्याय सांगितलात: कोणत्याही पॉइंटवाल्या चार सिलिंडरच्या गाडीचा कंडेन्सर डेल्कोच्या बाहेरच लावायचा. त्याची बॉडी बोल्टखाली घट्ट, आणि वायर कॉइलच्या त्या टोकाला जे डेल्कोकडे जातं. मूल्य ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असलं की झालं. अँबॅसिडरचा चालतो, आणि त्यात नवल नाही. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि सुरुवातीच्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं त्यांचंच मोठं भावंड. म्हणून तर मुंबईत ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या दुकानांत "एमजीचं काही आहे का" असं विचारायचं नाही, "अँबॅसिडरचं दाखवा" म्हणायचं, हेही तुमचंच शिक्षण. भावात फरक पडतो.

रोटरची, म्हणजे टोपीखाली फिरून करंट वाटणाऱ्या तुकड्याची, परीक्षा सांगावी तर तुमच्यासारखीच सांगतो. टोपी काढा, रोटर जागेवर राहू द्या. कॉइलची जाड वायर टोपीतून उपसून, रबरी मुठीच्या पकडीत धरून, रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवा. पॉइंट मिटलेला हवा. तो इन्सुलेशनवाल्या स्क्रू ड्रायव्हरने झटकन उघडा. ठिणगी रोटरवर पडली तर रोटर फुटका, करंट त्याच्या पोटातल्या रिव्हेटमधून खाली शाफ्टला जातोय. नाही पडली तर रोटर धड. बाहेरून तो अगदी नवा दिसतो, हीच तर गंमत.

पावसाळ्यात मुंबईत जुन्या गाडीचा शत्रू खड्डा नव्हे, टोपीच्या आतली दमट हवा. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली नाही तरी, रात्रभर उघड्या पार्किंगमध्ये उभी राहिली की सकाळी सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडत नाही. कोरडं फडकं टोपीच्या आत फिरवा, हाय टेन्शन वायरींच्या टोकांचं पाणी पुसा, आणि टोपी उजेडात धरून तिरपी बघा. आत दोन पितळी टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट. करंट तिथून पळतो. ब्लेडने ती रेघ खरवडून वर नेलपॉलिशचा एक हात दिला की गाडी घरापर्यंत येते. पुढच्या दिवशी टोपी बदलायचीच. नेलपॉलिश हा इलाज नाही, मुदतवाढ आहे, असं तुम्ही बजावता.

अर्थिंगचा विषय निघाला की तुम्ही आवाज चढवता, आणि चढवायलाच हवा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. इंजिन उतरवून बसवताना ती लावायची कोणीतरी विसरतं. मग सेल्फचा करंट परत जायला वाट शोधतो आणि चोकच्या केबलमधून जातो. सेल्फ मारताना चोकची केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही बघायचं नाही. मल्टिमीटरवाल्यांसाठी: एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी, तिचे बोल्ट आणि त्याखालचा रंग घासून काढा. आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीत अर्थ पॉझिटिव्ह असतो (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला), हे जंप स्टार्टच्या वायरी लावणाऱ्या शेजाऱ्याला आधी ओरडून सांगा.

आता पेट्रोल. जुन्या एमजीबीतला एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागच्या उजव्या चाकाजवळ खालून असतो. इग्निशन चालू केलं की तो टकटक करतो आणि फ्लोटच्या वाट्या भरल्या की थांबतो. या आवाजावरून निदान करायला तुम्ही शिकवलंत. टकटक अजिबात नाही: पंपाचे पॉइंट चिकटलेत किंवा अर्थ गेलाय. पान्याच्या मुठीने हलकी टिचकी मारली की बहुधा उठतो, पण ती टिचकी परत परत मारावी लागली तर मागची काळी टोपी काढून पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी ओढा, मग कोऱ्या पुठ्ठ्याची. टकटक भराभर आणि थांबेचना: पंप हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. संथ टकटक, पण इंजिन बंद असतानाही चालूच: कुठेतरी गळतंय, किंवा फ्लोटची सुई अडकलीय आणि पेट्रोल वाहून खाली येतंय. फ्लोटच्या झाकणावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ती सुटते. नाही सुटली तर गाडी बंद, बॅटरीची वायर काढून ठेवा. खाली सायलेन्सर तापलेला असतो.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवून कुरतडतं आणि टाकीच्या तळाचा गाळ सोडवून फिल्टरपर्यंत आणतं. तुम्ही सगळ्यांच्या होज पाइपा उतरवून घ्यायला लावल्यात आणि एसएई ३०आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपांचा दर्जा) छापलेल्याच बसवल्यात, त्याबद्दल खास आभार, कारण फुटलेल्या पाइपने लागलेली आग विझवणं हे रस्त्यातल्या दुरुस्तीत मोडत नाही. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एसयूच्या जेटचा (पेट्रोल वर येतं त्या नळीचा) नट सहा फ्लॅटचा, म्हणजे सहा बाजूंचा. जेट पुलाशी, म्हणजे तो जिथे उघडतो त्या उंचवट्याशी, सपाट करून १२ फ्लॅट, म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली, ही सुरुवातीची जागा. तिथून एखाद-दोन फ्लॅट आणखी खाली, दोन्ही कार्बोरेटरना सारखेच. मग पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून ऐका: वेग चढून तसाच राहिला तर मिश्रण जाड, खाली बसून इंजिन मरायला लागलं तर पातळ, क्षणभर चढून पूर्ववत झाला तर बरोबर. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी आचका देत असेल तर यातलं काही करण्याआधी डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) २० नंबरचं ऑइल आहे का ते बघायचं. डॅम्पर (त्या तेलात बुडणारी दांडी) खाली सोडताना टोपीचा आटा साधारण पाव इंच वर असतानाच विरोध लागायला हवा. अर्धे "कार्बोरेटर खराब" इथेच बरे होतात.

मे महिन्यात वरळी नाक्याला ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढायला लागला की हीटर पूर्ण चालू करा, पंखा पूर्ण वेगावर, पाय भाजले तरी. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. (मुंबईत हीटर कोण लावतो म्हणून पूर्वीच्या मालकाने त्याच्या पाइपा बंद करून टाकलेल्या असतात. त्या आधी तपासा.) रेडिएटरची टोपी गरम असताना उघडायची नाही, हे सांगायला नको.

आणि शेवटी ट्रनियन, म्हणजे पुढच्या चाकाच्या उभ्या लिंकच्या तळाचा आट्यांचा सांधा. स्पिटफायर ही ट्रायम्फ हेरल्ड गाडीच्या चासीवरची गाडी, आणि हेरल्ड मद्रासला बनायची, म्हणून पुढच्या चाकांचा तो पितळी ट्रनियन आपल्याकडच्या हातांना माहीत असायला हवा होता. पण सर्व्हिसवाल्यांची पोरं दिसेल त्या निपलला ग्रीस गन लावतात. ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं. ग्रीस वाळून बसतं, आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तिथे पावसाचं पाणी साचतं, उभी लिंक आतून गंजते आणि एक दिवस वळणावर चाक आडवं पडतं. मोटरचं सामान बंद पडलं तर गाडी थांबते, इथे माणूस थांबतो, हे तुम्ही हातात मोडलेली लिंक देऊन समजावलंत. तिचा मोडलेला काठ अर्धा तपकिरी, अर्धा चकचकीत होता. तपकिरी भाग वर्षानुवर्षं तडकत आलेला, चकचकीत तो शेवटच्या क्षणाचा.

तुमचा उधार दिलेला ऑइल गनचा नळा आमच्याकडेच आहे. पावसाच्या आत सगळ्या स्पिटफायरना ईपी ९० घालून झालं की आणून देतो. सोबत अँबॅसिडरचे चार कंडेन्सर आहेत, तुमच्या ड्रॉवरमधले संपलेत असं कळलं.

तुमचे ऋणी,
तुमच्या फळीवर बसून चहा पिणारे सगळे