एक्स्ट्रूडरवरच्या मामांना पत्र

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या पहिल्या पानांत आभार मानायची पद्धत आहे. तिथे मार्गदर्शक, विभागप्रमुख, शिष्यवृत्ती देणारी संस्था यांच्यामागून तुमचं नाव एका ओळीत आलंय: एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूनं पुढे ढकलणारं यंत्र, चालवणारे मामा. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. बायोप्लास्टिकवर काम करणाऱ्या इतर मुलामुलींनीही वाचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं काम पीएलएवर, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लावर. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यापासून हे प्लास्टिक बनतं. दिसायला काचेसारखं स्वच्छ, ताठ, ५० ते ७० मेगापास्कल ताण सोसणारं. पण जेमतेम पाचेक टक्के ताणलं की तटकन तुटतं, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे चहाच्या पेल्याला निरुपयोगी. हे दोन्ही दोष कमी करायचे, पण कुजण्याचा गुण हातचा जाऊ द्यायचा नाही, हा माझा विषय.

तुटकेपणावर उपाय पुस्तकात सापडतो: पीबीएटी नावाचं दुसरं प्लास्टिक मिसळा. ते मऊ असतं, कित्येक पट ताणलं जातं आणि कंपोस्टमध्ये जिरतंही. पण ही दोन प्लास्टिकं एकजीव होत नाहीत. एकाचे थेंब दुसऱ्यात नुसते पसरून राहतात आणि ताण आला की त्यांच्या सीमेवरच फाटतं. इपॉक्सी गट असलेला चेन एक्स्टेंडर किंचित घातला, की तो दोन्हींच्या साखळ्यांची टोकं पकडून ती सीमा सांधतो. मात्र ते जमण्यासाठी वितळलेला माल स्क्रूमध्ये पुरेसा वेळ राहावा लागतो, आणि जास्त राहिला तर पीएलए जळू लागतं. हा मधला वेळ मला तुम्ही काढून दिलात. टॉर्कचा, म्हणजे स्क्रू फिरवायला लागणाऱ्या जोराचा, काटा कुठे चढतो, कुठे स्थिरावतो, ते दाखवत माल आत सोडणाऱ्या फीडरचा आणि स्क्रूचा वेग तुम्ही जुळवलात.

आणि वाळवण! पीएलएचे बंध पाण्यानं तुटतात. १९० अंशांवर दाण्यात थोडा जरी ओलावा उरला, तरी साखळ्या आखूड होतात आणि पुढची सगळी मोजमापं फसवी ठरतात. २५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५० भाग) खाली ओलावा आणायचा हे मला वाचून माहीत होतं. पावसाळ्यातल्या पुण्यात ते कसं पाळायचं, हे तुमच्याकडून कळलं. ओव्हनमधून काढलेला दाणा सरळ यंत्राच्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात), झाकण लगेच बंद, मधे कुणाशी गप्पा नाहीत. डायमधून, म्हणजे यंत्राच्या तोंडातून, धागा काकवीसारखा सैल ओघळायला लागला, की तुम्ही न मोजता म्हणायचात, “माल ओला आहे, थांबव.” नंतर मी वितळप्रवाह (वितळलेला माल किती सहज वाहतो ते) मोजून बघायचे, आणि तुमचं बरोबर निघायचं.

सगळ्यात जास्त ऋण बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बाबतीतलं. आपल्याकडे साखर कारखान्यांत चिपाडाचा भुसा बहुतेक बॉयलरमध्ये जातो. तो पीएलएत घालून ताठपणा वाढवायचा आणि किंमत उतरवायची, असा माझा बेत होता. पण तंतूंना पाणी आवडतं, पीएलएला नाही. म्हणून आधी कॉस्टिक सोड्यानं धुऊन तंतूंचा पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो. ते मी करत होते. भुसा पीएलएबरोबर सुरुवातीलाच न घालता पुढच्या साइड फीडरमधून सोडायचा, ही सूचना तुमची. पीएलए आधी वितळलेलं असतं, त्यामुळे तंतूंचा चुरा कमी होतो आणि त्यांना उष्णताही थोडाच वेळ सोसावी लागते. २०० अंशांच्या पुढे भुसा करपतो, हे तुम्ही वासावरून ओळखायचात. सूक्ष्मदर्शकाखाली लांब राहिलेले तंतू बघितले त्या दिवशी मी धावतच खाली आले होते, आठवतं?

उष्णतेच्या दोषावर उपाय टाल्कचा, म्हणजे एका खनिजाच्या भुकटीचा. त्यामुळे पीएलएत स्फटिकं लवकर धरतात, आणि साचा १०० अंशांच्या आसपास गरम ठेवला तर वस्तू उकळत्या चहालाही टिकते. त्या चाचण्या चालू असताना तुम्ही विचारलंत, “एवढं सगळं घातल्यावर हे कुजणार ना?” तोवर मी कंपोस्ट चाचणी फक्त शेवटच्या मिश्रणावर घेणार होते. तुमच्या प्रश्नानंतर प्रत्येक मिश्रण ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये ठेवलं. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर किती उरतं ते पाहायचं, आणि १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. बगॅस घातलेले तुकडे लवकर फुटले, कारण तंतूंच्या वाटेनं पाणी आत शिरतं. टाल्क घालून स्फटिकं वाढवलेले मागे राहिले. प्रबंधातलं माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रकरण त्यातूनच निघालं. त्यात मी हेही स्पष्ट लिहिलं आहे की ५८ अंशांचं कंपोस्ट वेगळं आणि शेताचा बांध वेगळा. बांधावर टाकलेलं पीएलए लवकर कुजतं असं कुणी ग्राहकाला सांगत असेल, तर ती फसवणूक आहे.

मामा, वाळवणाच्या वेळा आणि फीडिंगचा क्रम मी तुमच्या निळ्या वहीवरून घेऊन ‘पद्धती’ प्रकरणात तुमच्या नावासह छापला आहे. प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी विभागात ठेवली आहे. येत्या सत्रात एक मुलगी ग्लिसरीन घालून स्टार्चवर काम सुरू करते आहे. तो माल दिवसागणिक कडक होत जातो. तिला ती वही नक्की दाखवा, आणि तिच्या कामाचं काय झालं ते मला कळवा.

तुमची,
पीएलएवाली