काळजी करू नका, वकील चांगली मिळाली आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, उगाच अर्थ काढू नका.

बाबा, घटस्फोटात वकील मध्ये आला की भांडण पेटतं, असं तुम्ही म्हणालात. माझी वकीलबाई उलट पाणी ओतते. नवऱ्याला पाठवायचं म्हणून मी तीन पानं खरडली होती, तिने त्याच्या चार ओळी केल्या. त्यात एकही विशेषण नाही! कोण चुकलं याची माझी वहीसुद्धा तिने उघडली नाही. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून घटस्फोटासाठी कुणाचा दोष दाखवावाच लागत नाही. अर्ज केल्यावर 20 आठवडे थांबायचं, मग पहिला आदेश आणि त्यानंतर 6 आठवड्यांनी अंतिम आदेश मागता येतो. तिचा सगळा जोर कागदांवर: वर्षभराची बँक स्टेटमेंटं, पेन्शन, कर्ज, दोघांनी सगळं उघड करायचं. पैशांचं ठरलं तरी न्यायाधीशाची मोहोर हवीच, नाहीतर पुढे कधीही दावा लागू शकतो म्हणे.

आई, इथली एक गंमत सांगते. वकील तासाचे दहा भाग करतात, सहा-सहा मिनिटांचे. दोन मिनिटं फोन केला तरी सहा मिनिटांचं बिल. ईमेल वाचली, सहा. मी नुसतं 'थँक्यू' पाठवलं आणि तिने ते वाचलं, तर त्याचेही सहा लागू शकतात. म्हणून आठवड्याचे प्रश्न एकाच ईमेलमध्ये कोंबते आणि आभार मानतच नाही. तुला उद्धटपणा वाटेल, पण तिलाही तेच बरं वाटतं. रडू आलं तर मैत्रिणीला फोन कर, ती स्वस्त पडेल, हेही तिनेच सांगितलं.

मामाला सांगा, एकाच वकिलाकडून दोघांचं उरकायचं नाहीये. ती फक्त माझं हित बघते, आणि मला आत्ता तेच हवंय. मध्यस्थाकडेही तिनेच आधी पाठवलं, म्हणजे तडजोडीला मी नाही म्हणाले असं कुणी बोलू नये.

आता कामाचं. इथला निकाल तिकडे आपोआप मानला जाईलच असं नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने 1991 साली त्याच्या अटी घातल्यात. म्हणून तिकडेही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली संमतीचा अर्ज करू. नवराही त्याला तयार आहे. बाबा, तुमच्या नावाने मुखत्यारपत्र पाठवीन, तिथल्या वकिलांना दाखवल्याशिवाय कुठेही सही करू नका. दागिने स्त्रीधन आहेत, माझेच, पण त्यावरून त्याच्या आईशी बोलू नका, यादी वकिलांकडे जाईल. या महिन्यात पैसे कमी येतील, पुढच्या महिन्यात भरून काढते. छोटीच्या स्थळाकडच्यांना माझं आधीच सांगून टाका, नंतर कळायला नको. त्यामुळे त्यांनी नकार दिला तर मला सांगा, लपवू नका. आणि तिच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवू नका, मी येईनच.

तुमची,
माई