भैरवी वाचवण्यासाठी साहाय्याचे आवाहन

सर्व सभासद व हितचिंतकांस सस्नेह नमस्कार.

आपल्या मंडळाच्या संग्रहातील मैफिलींच्या ऑडिओ सीडींच्या प्रती काढण्याचे काम अडले आहे. ते पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावे म्हणून जुने सीडी ड्राइव्ह, टर्मिनलवर (संगणकाला आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीवर) हात बसलेले स्वयंसेवक आणि यथाशक्ती देणगी यांची गरज आहे.

हा संग्रह कोणी उभा केला, हे सांगलीकरांना सांगायला नको. तरी ऋण मानल्यावाचून पुढे जाववत नाही. आपले दिवंगत अध्यक्ष डॉक्टरसाहेब यांनी पदरमोड करून टेपरेकॉर्डर आणला आणि मैफल कितीही लांबली तरी कॅसेटची बाजू बदलण्यासाठी ते स्वतः व्यासपीठाच्या कडेला बसून राहिले. पुढे त्या कॅसेट सीडींवर उतरवण्याचा सगळा खर्च गणपती पेठेतील आपल्या आश्रयदात्यांनी, फलकावर नावही न लावू देता, उचलला. आणि राग, ताल, साथसंगत व तारीख यांची चिठ्ठी प्रत्येक वेष्टनात आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मोत्यासारख्या अक्षरांत लिहून ठेवली. मूळ कॅसेट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेल्या. वरच्या फळीवरच्या सीडी तेवढ्या वाचल्या, आणि आज त्याच आपल्या मूळ प्रती आहेत.

गेल्या वर्षी हेच आवाहन केले तेव्हा ‘आता सगळे यूट्यूबवर मिळते’ असे उत्तर काही जुन्या सभासदांकडूनच मिळाले, याचे वाईट वाटले. आपल्या सभागृहातील मैफल तेथे मिळणार कशी, ती तर फक्त आपल्याच कपाटात आहे! काहींनी आस्थेने सीडी घरी नेल्या, परंतु संगणकावर एरर दिसताच ‘बाद’ असा शेरा मारून परत केल्या. त्यांतील बऱ्याचशा उत्तम स्थितीत आहेत. ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. सेकंदाला ७५ या हिशेबाने २३५२ बाइटचे तुकडे एका सर्पिल वाटेवर ओळीने लिहिलेले असतात, त्यामुळे ती माउंट करू (म्हणजे फाइलींच्या फोल्डरसारखी उघडू) गेल्यास किंवा ‘डीडी’ या हुबेहूब प्रत काढणाऱ्या आज्ञेने उतरवू गेल्यास नकार मिळणारच. डेटा सीडीवर त्याच तुकड्यातील २०४८ बाइट माहितीसाठी देऊन उरलेल्या जागेचा मोठा भाग चूक शोधण्या-सुधारण्यासाठी राखलेला असतो. ऑडिओ सीडीला हा जादा आधार नाही. ओरखडा मोठा असला की ड्राइव्ह अंदाजाने आवाज भरून गुपचूप पुढे जाऊ शकतो. म्हणूनच आम्ही ‘सीडीपॅरानोया’ हा लिनक्सवरील प्रोग्रॅम वापरतो, कारण तो वाचलेले भाग एकमेकांवर चढतील अशा बेताने पुन्हा वाचून ताडून पाहतो.

त्याच्या प्रगतिपट्टीवर ‘ई’ हे इंग्रजी अक्षर उमटले, तर ड्राइव्ह व संगणक यांच्यातील दळणवळण बिघडले असे समजून आधी केबल बदलावी. ‘व्ही’ उमटले, तर तेवढा भाग सुधारता आलेला नाही. अशा वेळी सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये, कारण गोल ओरखडा एकाच ओळीतील सलग तुकडे नासवतो. त्यानंतर वेग कमी करून पाहावे, आणि तरीही जमले नाही तर ड्राइव्ह बदलावा. परवानगी नाकारली गेल्यास आपले खाते ड्राइव्ह वापरण्याची मुभा असलेल्या ‘सीडीरॉम’ गटात आहे का, आणि ड्राइव्ह व्यग्र असल्याचे दिसल्यास डेस्कटॉपवरील एखादा प्लेअर तो अडवून बसला आहे का, हे पाहिले की बहुधा भागते. दोन वेगळ्या ड्राइव्हवरील वाचनांचे चेकसम (फाइल ताडून पाहण्याचे अंक) जुळले नाहीत म्हणून प्रत बाद ठरवू नये. कारण ड्राइव्हचे प्रत्येक मॉडेल आवाजाचे काही नमुने (सूक्ष्म तुकडे) अलीकडे-पलीकडे वाचायला सुरुवात करते.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि बोटे लागतात ती बाहेरच्या कडेलाच. मैफिलीत भैरवी शेवटी, म्हणून ती नेमकी या कडेला. आमच्या अडलेल्या सीडींत ख्याल स्वच्छ उतरतो, ठुमरी उतरते, आणि भैरवीपाशी ‘व्ही’ची रांग लागते. एका ड्राइव्हला न जमलेली कड दुसरा कधीकधी सहज वाचतो. मंडळाचा एकुलता एक ड्राइव्ह मात्र आता थकला आहे आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतोच. तरी घरातील जुना डेस्कटॉप भंगारवाल्याला देण्यापूर्वी आमची आठवण ठेवावी. नव्या सीडी आम्ही ‘सीडीआरडाओ’ या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅमने, संपूर्ण सीडी एका दमात लिहितो, कारण एकेक ट्रॅक सुटा लिहिल्यास मध्ये दोन सेकंदांची शांतता शिरून आलाप आणि बंदिश यांची ताटातूट होते.

ड्राइव्ह (कोणत्याही कंपनीचा, केबलसह, नाव लिहून) व कोऱ्या सीडी सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ६ ते ८ कार्यालयात द्याव्यात. हार्ड डिस्कसाठी देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने किंवा रोख, पावती अवश्य घ्यावी. लिनक्स जाणणाऱ्यांनी रविवारी सकाळी १० वाजता आपला लॅपटॉप घेऊन यावे, चहा मंडळाकडून. सीडी यापुढे घरी नेता येणार नाहीत. मुदत ३१ मे.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)